उजवीकडच्या मुक्या पट्ट्या

सोमवार, ४ फेब्रुवारी

आज पेटी आली. तिला पेटी म्हणणारा मी एकटाच. बाकीचे सिंथेसायझर म्हणतात, आणि ती वाजवायला आलेली मुलगी नुसतं 'ती' म्हणते, घरातल्या माणसाबद्दल बोलावं तसं. त्या मुलीला बँडमध्ये सगळे नवी म्हणतात. तेवीस-चोवीस वर्षांची असेल. मी या बँडचा आवाज बावीस वर्षं सांभाळतोय. रेकॉर्डिंग असो की मैदानातला कार्यक्रम, कुठलं वाद्य किती मोठं आणि किती धारदार हे माझी बोटं ठरवतात. म्हणून गायकाने माझं नाव कानसेन पाडलं आणि ते चिकटलं.

गायक म्हणाला, "गिटारचं खूप झालं. लोक आपल्याबरोबर म्हातारे होतायत." ड्रमरने काठ्या मांडीवर ठेवल्या. "मग मी घरी जाऊ का?" कुणीच हसलं नाही, म्हणून मी हसलो. ही वही गायकानेच दिली. नव्या रेकॉर्डच्या वेळी काय काय झालं ते लिहून ठेव म्हणाला. मी रोज लिहिणाऱ्यातला नाही. पण लिहीन तेव्हा खरं लिहीन.

नवीने माझा किल्ल्यांचा जुडगा मागितला, माइकसमोर हलवला आणि दोन बटणं दाबली. मग डावीकडच्या पट्ट्यांवर बोटं ठेवली तर माझ्याच किल्ल्या, पण विहिरीच्या तळाशी कुणी घंटा वाजवावी तशा! मी खुर्चीतून उठलोच. या वयात मला कोण चकित करणार, असं वाटायचं. ती वाजवत वाजवत उजवीकडे सरकली. शेवटच्या आठ-दहा पट्ट्या दाबल्या तर काहीच नाही. मी म्हटलं, "इकडे मुकी आहे ग तुझी पेटी." ती हसली. मी थट्टा करतोय असं तिला वाटलं असावं.

शुक्रवार, १५ फेब्रुवारी

आठवडाभर मी आणि नवी माइक घेऊन हिंडतोय, फुलपाखरं पकडायला निघाल्यासारखे. चहाच्या किटलीची शिट्टी घेतली. स्टुडिओमागच्या झाडावरच्या पाखरांची किलबिल घेतली. काच, चमचे, पत्रा. जे घेऊ ते पेटीत जातं आणि गाणं होऊन बाहेर येतं. ड्रमर म्हणतो, "उद्या माझं घोरणं घ्याल आणि मला काढून टाकाल."

शेवटी रिकाम्या स्टुडिओची शांतता घेतली. आमच्या धंद्यातली ही जुनी रीत. सगळ्यांनी बाहेर जायचं आणि एक मिनिट नुसती खोली रेकॉर्ड करायची, पुढे जोडकामाला उपयोगी पडते. नवीने तीही पेटीत घातली.

शनिवार, १६ फेब्रुवारी

टिटवी आली होती. टिटवी म्हणजे माझी नात, मुलीची मुलगी, वय साडेपाच. आवाज इतका चिरका की पाळण्यात असल्यापासून मी तिला टिटवी म्हणतो. माझ्या बायकोला, म्हणजे हिला, ते आवडत नाही. "अशुभ पक्षी तो! दुसरं नाव सुचलं नाही का हो?" पण टिटवीला आवडतं. दर शनिवारी ती माझ्या मांडीवर बसून आठवडाभराचा वृत्तांत देते. कोण कुणाशी कट्टी आहे, कुणाचा दात पडला, बाईंनी कुणाला उभं केलं. जगात मला कुणाचं बोलणं ऐकत बसावंसं वाटत असेल तर टिटवीचंच.

बुधवार, २० मार्च

शेवटचं मिक्सिंग. सगळं मंद वाटत होतं, वर घोंगडी टाकल्यासारखं. मी वरच्या पट्टीचा, म्हणजे बारीक सुरांचा, आवाज वाढवला, मग आणखी वाढवला, तेव्हा कुठे जीव आला. नवी तोंड वाकडं करून म्हणाली, "काका, वरचं फार होतंय. टोचतंय."

मी म्हटलं, "गुरूची विद्या गुरूलाच का?" गायकाने माझी बाजू घेतली. कानसेन म्हणतो तर बरोबरच असणार. तरुण मंडळींना 'आम्ही मागे पडलो' म्हणणाऱ्या म्हाताऱ्यांची सवय असते, 'आम्ही पुढे आहोत' म्हणणाऱ्यांची नसते.

सोमवार, ६ मे

रेकॉर्ड बाजारात येऊन महिना झाला. पत्रांची पोतीच्या पोती स्टुडिओत येतायत. वाचायचं काम मी मागून घेतलं. बुटांची दोन खोकी ठेवली आहेत, एक गोड, एक कडू.

कडू: 'वीस वर्षं तुमच्यामागे हिंडलो. लग्नात तुमचं गाणं लावलं. आता तुम्ही बटणं दाबता. गिटार विकली की गहाण टाकली ते तरी कळवा.'

गोड: 'शेवटी माझ्या मुलासमोर तुमचं नाव घेताना मान खाली घालावी लागत नाही.'

गोड, आणि हे एका निवृत्त शिक्षकाचं: 'मी शिव्या द्यायला रेकॉर्ड आणली होती. चार वेळा ऐकली. इतका मऊ आवाज तुम्ही कधी दिला नव्हता.'

कडू, वय वर्षं पंधरा, मुलगी: 'गाणी छान आहेत पण मागे काहीतरी सतत किंचाळतंय. आईला ऐकू येत नाही. बाबांना ऐकू येत नाही. मला आणि आमच्या कुत्र्याला येतं.'

हे शेवटचं पत्र कडूच्या खोक्यात टाकलं खरं, पण पुन्हा काढून वाचलं. मग सबंध रेकॉर्ड हेडफोन लावून ऐकली. कुणीही किंचाळत नाही.

गुरुवार, २३ मे

केस कापायला गेलो. आमचा न्हावी बँडचा जुना भक्त. म्हणाला, "साहेब, दुकानात आता दोन पक्ष पडलेत. या खुर्चीवरचा म्हणतो बँड बाटला. त्या खुर्चीवरचा म्हणतो आत्ता कुठे वयात आला. वस्तरा हातात असतो म्हणून मी कुणाच्या अध्यात नाही अन् मध्यात नाही."

"पण तुझं काय मत?"

"मला आवडतंय. पण मी लावलं की माझी मुलगी उठून जाते. म्हणते, दात आंबतात."

मी हसलो आणि मग हसू थांबलं. आरशात त्याची कात्री माझ्या कानाशी उघडत-मिटत होती. केस पडत होते. कात्रीचा आवाज नव्हता. त्याचं बोलणं येत होतं, रस्त्यावरची मोटार येत होती, फक्त कात्री नव्हती. मी डोळे मिटले तर खुर्चीमागे कुणीच नसल्यासारखं झालं.

स्टुडिओत येऊन नवीला विचारलं, "तू कधी कात्री घेतली होतीस का ग?"

"घेतली की. तिसऱ्या गाण्यात सतत वाजते ना. तुम्ही त्या दिवशी आला नव्हता, काका."

शुक्रवार, ३१ मे

आठ दिवस मी एकच काम करतोय. कुणाला सांगितलेलं नाही, इथे लिहितो.

किल्ल्यांचा जुडगा कानापाशी हलवला. आवाज नाही. किटली ठेवली, वाफ सुटली, झाकण नाचलं, शिट्टी नाही. ही आतून धावत आली आणि गॅस बंद करून म्हणाली, "अहो, समोर उभे राहून काय बघताय?" स्टुडिओमागच्या झाडाखाली अर्धा तास उभा राहिलो. पाखरं आहेत. चोच उघडते, गळा फुगतो, चोच मिटते. पाखरामागून पाखरू असंच. मला तिथे उभं राहवेना.

जे जे पेटीत घेतलं ते ते बाहेरून गेलं. ढोल आहे, दार आहे, माणसांचं बोलणं आहे, कारण ते घेतलेलं नाही. आणि स्टुडिओची शांतताही गेली. रिकाम्या खोलीत बसलं की एक बारीक शीळ येत राहते, कुठूनही नाही आणि सगळीकडून. शांतता उचलल्यावर तिच्याखाली जे होतं ते उघडं पडलंय.

मी असल्या गोष्टींवर विश्वास ठेवणारा माणूस नाही. म्हणून सोमवारी पट्टीची टेप लावली. यंत्र जुळवायला आमच्याकडे एक टेप असते. खालच्या सुरापासून एकेक सूर वर चढत जातो आणि प्रत्येकाला मीटरचा काटा हलतो. नऊ सूर ऐकले. मग शांतता. आणि काटा हलत होता. दहावा, अकरावा, बारावा, प्रत्येक वेळी काटा नेमका उठला आणि बसला. जागा आहे, माप आहे, फक्त आवाज कुणीतरी नेलाय.

रविवार, ९ जून

मैदानात संध्याकाळचा कार्यक्रम. जुन्या भक्तांनी पेटी वाजू लागताच स्टेजकडे पाठ फिरवायची असं ठरवलं होतं. फिरवली. शे-दोनशे पाठी. गायकाचा चेहरा पाहवत नव्हता. पण गंमत म्हणजे तिसऱ्या गाण्यापर्यंत त्यातले निम्मे पाठमोरेच मान डोलवायला लागले.

पुढची तरुण पोरं नाचायला आली होती. त्यांनी मात्र कानांवर हात ठेवले. शेकडो पोरं, दोन्ही हात कानांवर, आणि तशीच नाचतायत. निषेधाचा हा प्रकार मी प्रथमच पाहिला. आवाज मंद वाटत होता म्हणून मी वरचं आणखी वाढवलं. एक मुलगी खाली बसली. नवी वाजवता वाजवता माझ्याकडे बघून डोकं हलवत होती, नको नको म्हणून. मागचे पन्नाशीचे लोक येऊन माझा हात हातात घेऊन गेले. आवाज काय सुंदर होता!

शनिवार, १५ जून

नवी घरी आली. ही आणि ती स्वयंपाकघरात बराच वेळ हळू आवाजात बोलत होत्या. मी गेलो की गप्प. माझी मुलगीही होती. तिचे डोळे लाल. विचारलं तर म्हणाली, "काही नाही बाबा, झोप नाही झाली."

नवीने बरोबर माइक आणला होता. पुढच्या गाण्यात लहान मुलाचा आवाज हवाय म्हणे. टिटवीला आतल्या खोलीत नेलं आणि दार लावलं. मी बाहेर पेपर वाचत बसलो. बरोबर वाटत नव्हतं. उठून दार वाजवायला हवं होतं. दार वाजवायला किती वेळ लागतो? नातीच्या कौतुकाला भुललो. अर्ध्या तासाने टिटवी नाचत बाहेर आली. नवीच्या हातात पेटीतले आवाज साठवायची डिस्क होती आणि तिच्यावर पेनाने लिहिलं होतं: टिटवी.

सोमवार, २४ जून

जे नको होतं तेच. शनिवारी टिटवी मांडीवर बसली आणि बोलू लागली. तिच्या बोलण्याच्या कडा गेल्या आहेत. गुणगुण येते, शब्द येत नाहीत, भिंतीपलीकडून कुणी बोलावं तसं. हसू अजिबात नाही. दात दिसतात, खांदे हलतात. मी मान डोलवत राहिलो. तिला कळू नये म्हणून जिथे वाटलं तिथे 'अरे बापरे' म्हटलं. एकदा चुकीच्या ठिकाणी म्हटलं असावं, कारण ती थांबली आणि माझ्याकडे बघत राहिली.

हिचं बोलणं, मुलीचं बोलणं सुद्धा अलीकडे पुसट झालंय. पण त्या मुळात तोंडातल्या तोंडात बोलतात.

सोमवार, १ जुलै

नवीने बाजूला घेतलं. मोठ्याने, तोंडासमोर येऊन म्हणाली, "काका, रागावू नका. एकदा कान दाखवून या. मी येते बरोबर."

मी विचारलं, "पेटीत घातलेले आवाज परत काढता येतात का?"

"म्हणजे पुसायचे?"

"पुसले तर कुठे जातात?"

ती रडवेली झाली. मला तिची दया आली, कारण मला वाटतं तिला माहीत नाही ती काय करून बसली आहे. वाईट मुलगी नाही. माझ्या कानांवर खापर फोडलं की तिची सुटका होते, एवढंच. बावीस वर्षं ज्या कानांवर बँड उभा आहे ते एका उन्हाळ्यात जातील? आणि जाणार असते तर सगळंच गेलं असतं. नेमकं पेटीतलंच कसं जाईल?

शनिवार, ६ जुलै

टिटवीने आज वृत्तांत दिला नाही. मांडीवर बसली, बोट लावून माझ्या शर्टाची बटणं मोजली आणि आजीकडे निघून गेली. माझ्या मुलीला वाटतं मी लक्ष देत नाही. असं वाटत असेल तर वाटू दे. पण नातीला तसं वाटायला नको.

हे थांबवायचं मी ठरवलंय. डोक्यावर परिणाम झालाय म्हणतील. त्या डिस्कवरून उद्या-परवा गाणं होईल, रेकॉर्ड निघेल, हजारो लोकांच्या घरी माझ्या नातीचा आवाज जाईल आणि तिच्या गळ्यात काही उरणार नाही. आज मला ऐकू येत नाही, उद्या तिच्या आईला येणार नाही, मग कुणालाच नाही.

बुधवार, १० जुलै

आधी पाखरं पुसून पाहिली. सकाळी लवकर गेलो, कुणी यायच्या आत. 'पाखरं' लिहिलेली डिस्क घातली, बटण दाबलं, पेटीच्या छोट्या पडद्यावर 'रिकामं' असं आलं. झाडाखाली जाऊन उभा राहिलो. पाच मिनिटं काही नाही. मग आवाज आला! खणखणीत. एक, मग दुसरा. मी वर पाहिलं तर कावळे होते. कावळा बसायला आणि फांदी मोडायला एक गाठ, असं कुणी म्हणेल. मी त्या झाडाला टेकून रडलो. एकदम सगळं येणार नाही. आधी मोठी पाखरं येतील, मग लहान.

गुरुवार, ११ जुलै

झालं.

दुपारी सगळे जेवायला बाहेर गेले. मी डबा आणलाय म्हणालो. 'टिटवी'ची डिस्क पेटीत घातली. पुसण्याआधी खात्री करायला हवी होती, म्हणून उजवीकडची पट्टी दाबली. मुकी. मधली दाबली. गुणगुण. मग अगदी डावीकडची दाबली.

"आजोबा, ऐकताय ना? आता मी हळू सांगते."

जाड आवाज होता. एखाद्या म्हाताऱ्या बाईचा असावा तसा, पाण्याखालून वर येणारा. पण शब्द न् शब्द स्पष्ट. बोलण्याची ढब तिची, 'आता'वरचा हेलकावा तिचा. किती आठवड्यांनी ऐकला. म्हणजे संशयाला जागाच उरली नाही. माझी टिटवी आत होती, आणि आत राहून राहून म्हातारी होत चालली होती. ती पुढे काहीतरी सांगू लागली, शेजारच्या मुलाचा दात, आणि तिच्या आवाजात माझं मन अडकायला लागलं. आणखी ऐकलं असतं तर हात चालला नसता. मी पट्टीवरचं बोट काढलं आणि पुसलं. कपाटात दुसरी प्रत होती, तीही पुसली. पडद्यावर दोन्ही वेळा रिकामं असं आलं.

बरं वाटलं.

शुक्रवार, १२ जुलै

नवीचं पत्र आलं. हाताने लिहिलेलं, दारातून आत टाकलेलं. जसंच्या तसं उतरवतो, कारण इथे खरं लिहायचं ठरलं आहे.

'काका, ती डिस्क कुठल्याच गाण्यासाठी नव्हती. काकूंनी मला विचारलं होतं, टिटवीचं बोलणं तुमच्यापर्यंत पोचवता येईल का. खालचे सूर तुम्हाला अजून नीट ऐकू येतात, म्हणून मी तिचा आवाज डावीकडच्या पट्ट्यांवर उतरवला. काकूंनी प्रश्न काढून दिले आणि ती अर्धा तास बोलली. सगळा आठवडा, सगळ्या मैत्रिणी. तुमच्या वाढदिवसाला देणार होतो. दुसरी प्रत मी मुद्दाम ठेवली होती. आता पुन्हा करू म्हटलं तर टिटवी म्हणते, आजोबांनी पुसलं म्हणजे त्यांना नको होतं. मी समजावते आहे. रेकॉर्डबद्दलही एक सांगायचं होतं, पण ते राहू दे. तुम्ही फक्त एकदा डॉक्टरकडे चला.'

वाचताना क्षणभर, अगदी क्षणभर, सगळं उलटं दिसलं. ती पंधरा वर्षांची मुलगी आणि तिचा कुत्रा, कानांवर हात ठेवलेली पोरं, हिने धावत येऊन बंद केलेली किटली. मग काटा आठवला. काटा हलत होता, मी माझ्या डोळ्यांनी पाहिलाय. आणि कावळे आले होते. पोरगी मनाने चांगली आहे, तिला जे कळलं ते तिने लिहिलं. पत्राची घडी घालून ठेवली. कुठल्या खोक्यात टाकावं ते कळेना, म्हणून वहीतच ठेवलं.

शनिवार, १३ जुलै

टिटवी आली. आईने पुढे ढकललं तेव्हा आली. मी खाली जमिनीवरच बसलो, तिच्या उंचीला. म्हटलं, "बोल."

ती आधी आजीकडे बघत राहिली. मग बोलली. तोंड हलताना दिसलं. पुन्हा बोलली, मान पुढे काढून, डोळे मोठे करून, म्हणजे ओरडली असणार, कारण आतल्या खोलीतून माझी मुलगी धावत आली. ही भिंतीला टेकून तोंडाला पदर लावून उभी होती. खोलीत ती बारीक शीळ तेवढी होती.

मी टिटवीच्या गळ्यावर तळहात ठेवला आणि खूण केली, पुन्हा. ती बोलली. तळहाताखाली थरथर झाली, छोटीशी, गरम. मी हात ठेवूनच बसलो. ती बोलत राहिली आणि थरथर थांबेना.

म्हणजे परत आलाय. गळ्यात आहे, मी हाताने तपासलं. अजून बाहेर पडायला शिकायचाय एवढंच. मी हिला सांगितलं, रडू नकोस, आवाज पोरीचा पोरीकडे आलाय. हिने काय उत्तर दिलं ते कळलं नाही, ही अलीकडे तोंडातल्या तोंडात बोलते. टिटवी दमून माझ्या खांद्यावर डोकं ठेवून बसली, आणि तिचा गळा किती तरी वेळ माझ्या हाताखाली हलत होता.